अंगण, सावली आणि पाणी

रायपूरमध्ये मे महिन्याच्या दुपारी तापमान 42 ते 45 अंश सेल्सियसपर्यंत चढते. कोरडे, उष्ण वारे अंगावर आदळतात. त्यांना तिकडे ‘लू’ म्हणतात. घरांच्या भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात आणि कुंडीतील रोपे एका दिवसात माना टाकतात. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होतो. वर्षभरात पडणाऱ्या सुमारे 1,200 मिलिमीटर पावसापैकी बहुतेक सारा पाऊस सप्टेंबर संपेपर्यंत पडून जातो. ज्या अंगणात मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, त्याच अंगणात जुलैमध्ये घोटाभर पाणी साचते. डिसेंबरात मात्र तेथेच सकाळचे कोवळे ऊन खात बसावेसे वाटते. घराभोवतीच्या चार हात जमिनीने हे तिन्ही ऋतू सोसावेत, आणि घरातील माणसांनाही ते सुसह्य करावेत, ही अपेक्षा लहान नाही.

तरीही नवे घर बांधताना या जमिनीचा विचार सर्वांत शेवटी होतो. बांधकाम संपते, रंग लागतो, उरलेल्या जागेत फरशा बसतात आणि मग कोणीतरी म्हणते, ‘आता थोडी बाग करू या.’ रोपवाटिकेतून पाच-सहा पाम, काही रंगीत पानांची झुडपे आणि हिरवळीचे गालिचे येतात. पहिल्या पावसाळ्यात सारे छान दिसते. दुसऱ्या उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडते आणि पाम उभे असले तरी त्यांच्या सावलीत खुर्चीसुद्धा मावत नाही. दोष माळ्याचा नसतो, रोपांचाही नसतो. प्रश्न विचारण्याचा क्रम चुकलेला असतो.

हा क्रम सुधारणे हे ज्यांचे काम, त्यांना ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हणतात. मराठीत त्यांना भूदृश्य रचनाकार म्हणता येईल. हे व्यवसायनाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाले. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी ते स्वतःसाठी वापरले. भारतात या शिक्षणाची सोय बऱ्याच उशिरा झाली आणि या क्षेत्रातील व्यावसायिकांची ‘इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही संस्था 2003 मध्ये स्थापन झाली. सार्वजनिक उद्याने, विद्यापीठांची आवारे, नदीकाठ अशी मोठी कामे या रचनाकारांकडे असतात. परंतु त्यांच्या विचारपद्धतीची खरी परीक्षा होते ती लहान घराच्या बागेत. तेथे चूक लपवायला जागाच नसते.

माळी रोपांपासून सुरुवात करतो. रचनाकार जमिनीपासून सुरुवात करतो आणि रोपांकडे सर्वांत शेवटी येतो. जमीन कोणत्या बाजूला उतरते, पाणी कोठून येते आणि कोठे जाते, ऊन कोणत्या वेळी कोठे पडते, घरातील माणसे दिवसभर कोठून कोठे ये-जा करतात, हे त्याचे पहिले प्रश्न. ही दृष्टी शास्त्रीय शिक्षणातून आलेली असली, तरी ती परदेशातूनच आयात झाली असे मात्र समजण्याचे कारण नाही.

छत्तीसगडमधील जुन्या घरांच्या मागे ‘बारी’ असते. मराठी माणूस जिला परसबाग म्हणतो, तिचीच ही सख्खी बहीण. घराच्या पुढे अंगण, अंगणात तुळशीचा ‘चौरा’, ओसरीसारखी ‘परछी’, आणि मागच्या दाराबाहेर बारी. बारीत ‘मुनगा’ म्हणजे शेवगा असतो, ‘कोचई’ म्हणजे अळू असते, ‘जिमीकांदा’ म्हणजे सुरण असतो. भोपळ्याचा वेल कौलारू छपरावर, तेथील भाषेत ‘छानी’वर, चढवलेला असतो. तो भाजी देतो आणि भर उन्हात छपरालाही थोडी सावली देतो. अळू लावायचे ते न्हाणीचे पाणी जेथून वाहते तेथेच. शेणकेराचा खड्डा, म्हणजे ‘घुरवा’, बारीपासून फार दूर नसतो, कारण खत डोक्यावरून वाहावे लागते. 2018 ते 2023 या काळातील राज्य सरकारने ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ या घोषणेखाली ओढा, गुरे, खत आणि परसबाग यांना एकत्र गुंफणारी ग्रामीण योजना राबवली. तिच्या नावातील शेवटचा शब्द हाच.

नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत होती आणि रायपुरात मराठी कुटुंबेही दीर्घकाळ नांदत आली आहेत. त्यांच्या ओळखीच्या वाड्याची रचना याहून फार वेगळी नव्हती. चौक, तुळशीवृंदावन, आड, आडाजवळ केळी, परसदारी अळू आणि कढीपत्ता. सांडपाण्याचा शेवट झाडाच्या बुंध्याशी व्हावा, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. तो अंगवळणी पडलेला होता. आणखी मागे गेले तर रायपूरपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या सिरपूरच्या उत्खननातील वीटबांधणीचे विहार दिसतात. मधला चौक आणि त्याभोवती खोल्या, अशीच त्यांचीही मांडणी आहे.

या परंपरेत मोठा बदल झाला तो इंग्रजी अमदानीत. 1818 नंतर छत्तीसगडच्या कारभाराचे केंद्र रतनपूरहून रायपूरला आले आणि पुढे सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांची वस्ती वाढली. विस्तीर्ण आवार, मधोमध बंगला, समोर हिरवळ, कडेला छाटलेले कुंपण आणि हंगामी फुलांचे वाफे, ही बंगल्याच्या बागेची कल्पना. जेथे वर्षभर भुरभुर पाऊस पडतो आणि ऊन हवेहवेसे असते, अशा देशात ही कल्पना जन्मली. तिकडे उन्हात बसण्यासाठी मोकळी हिरवळ हवी असते. इकडे बसायला सावली हवी असते. बंगल्याच्या मोठ्या आवारात जुन्या वृक्षांमुळे आणि नोकरचाकरांच्या हातांमुळे ही विसंगती खपून गेली. 40 फूट रुंद आणि 60 फूट लांब भूखंडावर ती खपत नाही. तरीही हिरवळीचा मोह सुटलेला नाही, आणि जाहिरातींतील चित्रे तो सुटू देतही नाहीत.

अशाच एका भूखंडाची कल्पना करू या. 40 गुणिले 60, म्हणजे 2,400 चौरस फूट, सुमारे 223 चौरस मीटर जागा. रस्ता पूर्वेला. मधे घर, त्याने जवळजवळ निम्मी जागा व्यापली आहे. मागे, पश्चिमेच्या बाजूला, भिंतीपासून पाचएक मीटरवर जुना कडुलिंब. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलाला समोर हिरवळ हवी आहे. सुनेला कपडे वाळवायला आणि वाळवणे घालायला उन्हाची जागा हवी आहे. आजीला पूजेची फुले तोडण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागू नयेत असे वाटते. मुलांना चेंडू खेळायचा आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की, कडुलिंब तोडावा. पानांनी गच्चीची मोरी तुंबते, मुळे पायाला धोका करतात, आणि मागे फरशी घातली की जागा ‘स्वच्छ’ होते.

रचनाकार प्रथम जमीन उकरून पाहतो. छत्तीसगडच्या मैदानातील शेतकऱ्याने आपल्या मातीला चार नावे दिली आहेत आणि ती नावे कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतकी उपयोगी आहेत. उंचवट्यावरची लालसर, मुरमाड, उथळ माती ती ‘भाठा’. तिच्यात पाणी थांबत नाही. किंचित खाली पिवळसर ‘मटासी’, त्याखाली मध्यम पोताची ‘डोरसा’ आणि सखल भागात काळी, चिकण ‘कन्हार’. कन्हार पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उतारावरून खाली येताना माती बारीक होत जाते आणि तिची पाणी धरण्याची शक्ती वाढत जाते, हे त्या नावांमागचे सूत्र. गंमत अशी की, ज्या वसाहतीचे नाव विसरून लोक ‘सेक्टर’ आणि ‘फेज’ मोजतात, तिच्याखालची माती अजूनही यांपैकीच एक असते.

मातीच्या या फरकावर बागेचे बरेचसे भवितव्य ठरते. भाठ्यावर झाड लावायचे तर मीटरभर लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा घेऊन त्यात चांगली माती आणि कुजलेले खत भरावे लागते. पाण्याचा निचरा आपोआप होतो. कन्हारमध्ये उलट परिस्थिती. तेथे खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाण्याने भरणारी वाटी. रोपाची मुळे त्यात कुजतात. म्हणून तेथे झाड थोड्या उंचवट्यावर लावतात. परीक्षा सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरून किती वेळात जिरते ते पाहावे. काही तासांत पाणी नाहीसे झाले तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे दिसले, तर त्या जागेसाठी वेगळा विचार हवा.

आपल्या भूखंडावर वर मटासी आणि खाली मुरूम निघाला. त्यामुळे ठेकेदाराच्या एका आक्षेपाचे उत्तर मिळाले. मुळांमुळे पायाला धोका होतो तो मुख्यतः कन्हारसारख्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत, कारण मोठे झाड मातीतील ओल शोषते, माती आकसते आणि पाया खचतो. तेथे रचनाकारानेही झाड आणि भिंत यांतील अंतराबद्दल सावधच राहिले असते. मुरमात ही भीती पुष्कळ कमी. पानांनी मोरी तुंबते, हे मात्र खरे आहे. मोरीच्या तोंडावर जाळी बसवावी लागेल आणि पानगळीच्या दिवसांत गच्ची झाडावी लागेल. झाड ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी.

मग त्या कडुलिंबाचे मोल काय? त्यासाठी सूर्याचा मार्ग समजून घ्यावा लागतो. रायपूर सुमारे 21.25 उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. 21 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेच्या आकाशात क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर असतो. मेच्या अखेरीस तो मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडेच राहतो. याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात घराच्या दक्षिण भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही. तापते ती गच्ची आणि त्याहून अधिक छळते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, त्याचे किरण भिंतीवर जवळजवळ सरळ पडतात आणि भिंतीत साठलेली उष्णता रात्री झोपण्याच्या खोलीत उतरते. त्या भिंतीच्या पश्चिमेला उभा असलेला कडुलिंब नेमक्या त्याच तासांत तिच्यावर सावली धरतो. झाड तोडून तेथे फरशी घातली, तर सावली जाईल आणि तापलेली फरशी आणखी उष्णता भिंतीकडे फेकेल.

येथे एका रूढ नियमाकडे डोळसपणे पाहायला हवे. थंड देशांतील पुस्तके सांगतात की, घराच्या उन्हाच्या बाजूला पानझडी झाडे लावावीत. ती उन्हाळ्यात सावली देतात आणि हिवाळ्यात पाने गाळून ऊन आत येऊ देतात. तेथे पाने शरद ऋतूत गळतात, म्हणून हा नियम तेथे अचूक आहे. आपल्याकडील वृक्षांचे वेळापत्रक निराळे. बहुतेक पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणजे थंडी सरल्यावर आणि ऊन तापू लागल्यावर. त्यामुळे ‘पानझडी’ एवढे कळून भागत नाही. नवी पालवी केव्हा फुटते ते पाहावे लागते. कडुलिंब मार्च-एप्रिलमध्ये नव्या पानांनी भरून जातो. करंज एप्रिल संपेपर्यंत पुन्हा हिरवागार होतो. गुलमोहर मात्र एप्रिल-मेमध्ये, सावलीची सर्वाधिक गरज असताना, पुष्कळदा निष्पर्ण उभा असतो; फुलांनी डोळे निवतात, अंग निवत नाही. शिवाय त्याच्या फांद्या वादळात सहज मोडतात. रस्त्याच्या कडेला तो शोभतो. घराच्या पश्चिमेला त्याची निवड करू नये.

रायपुराच्या आसपासच्या रानांत साजा (आपला ऐन), कौहा म्हणजे अर्जुन, महुआ, तेंदू, चार, परसा म्हणजे पळस असे वृक्ष आढळतात. त्यांना हे हवामान ठाऊक आहे. परंतु त्यांतील बहुतेकांचा आकार शहरी भूखंडाला पेलणारा नाही. रचनाकार नकाशावर झाड काढतो ते रोपाच्या आकाराचे नव्हे, तर वीस वर्षांनंतरच्या विस्ताराचे. पूर्ण वाढलेल्या कडुलिंबाचा पसारा दहा-बारा मीटर व्यासाचा होऊ शकतो आणि आपल्या भूखंडाची रुंदीच 12 मीटर आहे. तेव्हा असा वृक्ष एकच, आणि तो तर आधीच उभा आहे. उरलेल्या जागेत पारिजात, सीताफळ, लिंबू, पेरू, कढीपत्ता, पांढरा चाफा अशी लहान चणीची झाडे शोभतात. शेवगा झपाट्याने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत, इतर झाडे मोठी होईपर्यंत, विरळ सावलीची उणीव भरून काढतो.

आता पाणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले, हा हिशेब प्रत्येकाने लक्षात ठेवावा इतका साधा आहे. आपल्या घराचे छत 100 चौरस मीटरचे धरले, तर 1,200 मिलिमीटर पावसात त्यावर वर्षाला 1,20,000 लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, गळती आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी सोडून दिले तरी 80 टक्के, म्हणजे 96,000 लिटर हाती लागू शकते. आता हिरवळीचा हिशेब. कडक उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला सुमारे 7 मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरू. घरमालकाला हवी असलेली हिरवळ 50 चौरस मीटरची आहे. म्हणजे रोज 350 लिटर. एप्रिलच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या 75 दिवसांत 26,000 लिटरहून अधिक पाणी केवळ तिला हिरवी ठेवण्यासाठी लागेल. पावसाचे पाणी यापेक्षा पुष्कळ जास्त आहे हे खरे, पण ते जुलैत येते आणि हिरवळ ते मे महिन्यात मागते. मधले महिने ते साठवायचे तर तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर खोल टाकी बांधावी लागेल; म्हणजे जमिनीखाली एक खोलीच. नाहीतर बोअरवेल आहेच, आणि बहुतेक घरी नेमके तेच होते. भूगर्भातील पाणी उन्हाळ्यात सर्वांत खाली गेलेले असते, तेव्हाच ते गवतावर शिंपडले जाते.

हा हिशेब समोर मांडल्यावर घरमालक सहसा स्वतःच हिरवळ लहान करतो. रचनाकाराला वाद घालावा लागत नाही. समोरच्या बाजूला, सकाळचे ऊन मिळेल अशा ठिकाणी, 12 चौरस मीटरचा हरळीचा तुकडा ठेवला जातो. हरळी ही येथलीच. मे महिन्यात पाणी कमी पडले की ती तपकिरी होते, मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. सावलीत मात्र ती टिकत नाही, म्हणून कडुलिंबाखाली ती लावण्यात अर्थ नसतो. तेथे मोकळी, चोपलेली मातीच बरी. मुलांचा चेंडू तेथे उत्तम चालतो आणि खाट टाकायलाही तीच जागा. मातीचे अंगण दिसले की ते ‘अपूर्ण’ राहिले असे अलीकडे वाटू लागले आहे. वस्तुतः पाणी जिरवणारे आणि रात्री लवकर निवणारे त्याच्याइतके दुसरे अंगण नाही.

गाडीसाठी आणि चालण्यासाठी टणक जमीन हवीच. रायपूरच्या परिसरात चुनखडकाचे थर आहेत आणि फरशीचा दगड मिळतो. तो सिमेंटमध्ये गच्च न बसवता वाळूवर बसवला आणि सांधे मोकळे ठेवले, तर त्यांतून पाणी खाली जाते. टणक भागाला साठ फुटांना एक फूट या मानाने उतार दिला की पाणी थांबत नाही. मात्र तो उतार रस्त्याकडे नव्हे, वाफ्याकडे असावा. छताचे पाणी पन्हळीतून मुरमाच्या थरापर्यंत खणलेल्या, दगडगोटे व वाळू भरलेल्या शोषखड्ड्यात जाते. हा खड्डा पायापासून दूर असतो. जमीन कन्हार असती, तर असा खड्डा जवळजवळ निरुपयोगी ठरला असता, कारण चिकण मातीतून पाणी खाली उतरतच नाही. तेथे लहान टाकीच अधिक उपयोगी. एकच नकाशा सर्व घरांना लागू करणाऱ्या योजना फसतात त्या येथेच.

या पाण्याचा संबंध एका घरापुरता नाही. रायपूर हे तलावांचे शहर. बूढा तलाव, ज्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, तेलीबांधा, कंकाली तलाव, महाराजबंध, अशी नावे शहराच्या नकाशावर विखुरलेली आहेत. विवेकानंदांचे बालपणीचे काही दिवस या शहरात गेले, म्हणून ते नाव. उतारावरून येणारे पाणी टप्प्याटप्प्याने अडवावे आणि जिरवावे, हे या तलावांचे काम होते. काळाच्या ओघात काही तलाव बुजले, काही आक्रसले. त्यांच्याकडे जाणारे पाणी आता फरशा आणि डांबरावरून थेट गटारात जाते. एका घराने अंगणाची माती उघडी ठेवली म्हणून शहराचा पूर टळत नाही. पण शंभर घरांच्या गल्लीने ती झाकली, तर गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्याच्या घरात पाणी शिरते, हे दर पावसाळ्यात कोठे ना कोठे दिसते.

माणसांच्या गरजांकडे रचनाकार याच बारकाईने पाहतो. अमेरिकी रचनाकार थॉमस चर्च यांनी 1955 मध्ये घरगुती बागांवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा आशयच असा होता की, बागा माणसांसाठी असतात. आपल्याकडे चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदाने उष्ण देशातील घरात आकाशाखालची मोकळी जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते, असा आग्रह आयुष्यभर धरला. नवी मुंबईत बेलापूर येथे 1980च्या दशकात त्यांनी आखलेल्या वसाहतीत प्रत्येक लहान घराला स्वतःचे अंगण आहे, आणि सात-सात घरांच्या मधे सुमारे आठ मीटर लांब-रुंद असा सामाईक चौक आहे. अंगणात दिवसाच्या कोणत्या वेळी कोण बसते, हा प्रश्न त्या आखणीच्या मुळाशी होता.

आपल्या घरातही तोच प्रश्न विचारला की जागा आपोआप वाटल्या जातात. पूर्वेचे अंगण सकाळचे: तेथे आजीचा पारिजात, जास्वंद आणि तुळस, आणि ओसरीपासून तेथवर पायऱ्यांऐवजी सौम्य उतार, हाताला धरायला कठडा. दक्षिणेची अरुंद पट्टी हिवाळ्यात दिवसभर उन्हात असते; ती कपडे आणि वाळवणांसाठी मोकळी राहते. उन्हाळ्यात पापड घालायला मात्र गच्चीच हवी, असे सुनेने सांगितल्यावर रचनाकाराला नकाशा बदलावा लागला आणि गच्चीवरच्या कुंड्या एका कडेला सरकल्या. नकाशे असेच बदलतात. पश्चिमेला कडुलिंबाखाली संध्याकाळची जागा. स्वयंपाकघराच्या मागे, भाजी धुतलेले पाणी जेथे सोडता येते तेथे, अळू, कढीपत्ता आणि केळी. म्हणजे नकळत बारीच परत आली.

पक्ष्यांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवायचे ठरले, तेव्हा डासांचा प्रश्न निघाला. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून भांड्यातील पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून ते घासायचे. ते काम नातवंडांकडे गेले. अशा कामांची वाटणी रचनाकार आवर्जून विचारतो. पाणी कोण घालणार, छाटणी कोण करणार, उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद असले तर काय होणार? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर बाग लहान करावी लागते. कारंजे आणि धबधबे येथेच बाद होतात.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत होते, म्हणजे मुळांना तीन महिने विनासायास ओल मिळते. कडुलिंबाची गळलेली पाने आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा मागच्या कोपऱ्यातील खड्ड्यात जातो. पुढच्या उन्हाळ्यात तेच खत आणि वाळक्या पानांचे आच्छादन होऊन झाडांच्या बुंध्याशी येते, आणि मातीतील ओल टिकते. पहिली दोन वर्षे रोपांना उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यायचे असते. रोज थोडेथोडे दिले, तर मुळे वरच्या वर राहतात आणि पुढे झाड पाण्यावाचून तग धरू शकत नाही.

रचनाकाराची शेवटची फेरी बाग पूर्ण झाल्यावर नसते. ती भर पावसात असते. छत्री घेऊन तो अंगणात उभा राहतो आणि पाणी कसे वाहते ते पाहतो. दक्षिणेच्या पट्टीत, भिंतीच्या कडेला, नकाशाप्रमाणे थांबायला नको तेथे थोडे पाणी थांबलेले असते. दोन फरशा उचलून, खालची वाळू हाताने सारखी करून, बोटभर उतार वाढवला जातो. पाणी हळूहळू वाफ्याकडे वळते.